अंतरपाट पडायच्या आधी

प्रश्न: मी पुण्यात आयटीत आहे, वय ३९. गेल्या दोन वर्षांत फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा, २४-७०, ७०-२०० आणि ८५ एफ १.४ अशा लेन्स घेतल्या. सगळं मिळून साडेसहा लाखांच्या आसपास गेले. मावसभावाच्या लग्नात मी भरपूर फोटो काढले. तिथे ठरवलेले फोटोग्राफर पन्नाशी उलटलेले होते, हातात जुना डीएसएलआर, ग्रिपचं रबर सुटलेलं. अल्बम आला तेव्हा घरातले सगळे त्यांचेच फोटो पुन्हा पुन्हा पाहत होते. माझे फोटो त्यांच्यापेक्षा शार्प आहेत, तरी रिकामे वाटतात. अशा अनुभवी माणसाकडून शिकायचं कसं? दोघांना विचारलं. एकाने विषय टाळला, दुसरा म्हणाला, ‘बॅग उचलायला या.’ त्यापेक्षा एखादं वर्कशॉप करू का? सोबत लग्नातले बारा फोटो पाठवतोय.

उत्तर:

तुमचे बाराही फोटो मी दोनदा पाहिले. पहिल्यांदा नुसते, आणि दुसऱ्यांदा प्रत्येक फोटोत तुम्ही कुठे उभे होता ते शोधत. बारापैकी नऊ फोटोंत तुम्ही स्टेजच्या खाली, डाव्या अंगाला, पंधरा-वीस फुटांवर आहात. खुर्च्यांची पहिली रांग तिथे असावी. म्हणजे सगळा विधी होईपर्यंत तुम्ही जवळपास एकाच जागी होता आणि झूमची रिंग फिरवत होता. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या नऊ फोटोंत मिळालं.

पण आधी कॅमेऱ्याबद्दल. हौशी माणूस महागडा कॅमेरा घेऊन आला की आम्हा धंदेवाईक फोटोग्राफरांतले बरेच जण त्याला ऐकवतात, ‘कॅमेऱ्याने काय होतंय, नजर पाहिजे.’ मला हे बोलणं पटत नाही. मी स्वतः कर्ज काढून मिररलेसवर आलो आणि रात्रीच्या सीमांतपूजनाला आज आयएसओ ६४०० वर, म्हणजे अगदी कमी उजेडातही, निर्धास्त फोटो काढतो. फिल्मच्या दिवसांत ४०० ची फिल्म तिच्या ताकदीबाहेर ८०० ला ढकलताना जीव खालीवर व्हायचा. डोळ्यावर फोकस धरून ठेवणारी यंत्रणा, एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर लिहिणारा कॅमेरा, अंधाऱ्या हॉलमध्ये उपयोगी पडणारी एफ २.८ ची झूम, ही सगळी खरी मदत आहे. तुमचे पैसे वाया गेलेले नाहीत. फोकस, एक्स्पोजर, धक्का बसून हललेला फोटो, या अडचणी तुमच्या कॅमेऱ्याने बऱ्याच अंशी सोडवल्या. त्यापुढच्या ज्या अडचणी आहेत त्या कॅमेऱ्याला कळत नाहीत. त्या शिकायला माणूसच लागतो, म्हणून तुमचा प्रश्न मला योग्य वाटला.

त्या फोटोग्राफरांच्या आणि तुमच्या परिस्थितीत एक मोठा फरक होता. त्यांना रिकाम्या हाताने घरी जाण्याची मुभा नव्हती. तुम्हाला होती. तुमचा एखादा क्षण हुकला असता तर तुम्ही मनात हळहळला असता, बस्स. त्यांचा हुकला असता तर एका घराकडे तो फोटो कायमचा नसता. माणूस वर्षानुवर्षं असा बांधील राहिला की त्याचं चालणं, थांबणं, ऐकणं सगळं बदलतं. तुम्हाला त्यांच्या अल्बममध्ये जे जाणवलं ते यातून आलेलं आहे.

मी १९९१ साली साताऱ्यात एका स्टुडिओत कामाला लागलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. मालकांना सगळे अण्णा म्हणत. लग्नाला आम्ही याशिकाचा दोन लेन्सवाला कॅमेरा न्यायचो. १२० ची फिल्म, एका रोलमध्ये बारा फोटो. साध्या लग्नाला पाच रोल म्हणजे साठ फोटो, घर मोठं असलं तर आठ रोल. पहिली दोन वर्षं मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. फ्लॅशची बॅटरी खांद्याला अडकवायची, अण्णा खुणावतील तिथे फ्लॅश उंच धरायचा, संपलेला रोल चिकटपट्टीने बंद करून त्यावर आकडा टाकायचा, एवढंच काम.

अण्णा लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सायकलवरून कार्यालयात जायचे. आचारी भाज्या चिरत असायचे, मांडववाले झालर ठोकत असायचे, आणि अण्णा मधोमध उभे राहून खिडक्या बघायचे. मुहूर्त सकाळी ११ चा असेल तर ऊन कुठल्या खिडकीतून येईल, नवऱ्या मुलाच्या तोंडावर पडेल की पाठीवर, याचा त्यांना अंदाज हवा असायचा. मग गुरुजींशी गप्पा. अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार? मंगलाष्टकं तुम्हीच म्हणणार की घरातलं कुणी म्हणणार आहे? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. आत्याबाईंनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं असली की वेळ वाढतो, आणि आत्याबाईंचाही फोटो लागतो. शेवटी ते मुलीच्या घरच्यांना हळूच विचारायचे, ‘मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या आई कुठे असतील?’ काही घरांत त्या वेळी आई मांडवात थांबत नाही, तुळशीपाशी जाऊन पाणी घालते. हे ज्याला आधी माहीत नाही त्याला ती माउली त्या दिवशी दिसणारच नाही, मग हातातला कॅमेरा कितीचाही असो.

आता मुख्य क्षणाकडे येतो. बहुतेक लग्नांत शेवटचं मंगलाष्टक ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ हे असतं. ते संपलं, ‘सावधान’ झालं की अंतरपाट बाजूला जातो, वाजंत्री सुरू होते, मागून अक्षतांचा पाऊस पडतो आणि हार घातले जातात. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद. अण्णा त्याच्या दोन कडवी आधी कॅमेऱ्यावरचा आकडा बघायचे. नऊ किंवा दहा फोटो झालेले असतील तर उरलेल्या दोन-तीन फ्रेम तशाच गुंडाळून टाकायचे आणि नवा रोल भरायचे. फिल्म तेव्हा स्वस्त नव्हती. आठवड्याचे हिशेब लिहिणारा, फ्लॅशचे सेलसुद्धा मोजून देणारा हा माणूस दर लग्नात दोन फ्रेम डोळ्यांदेखत वाया घालवायचा. मला ते फार वर्षं कळलं नाही.

कळलं ते १९९४ मध्ये. अण्णांना ताप होता, म्हणून एका लग्नाला मी एकटा गेलो. दहा फोटो झाले होते. दोन उरलेत तर वापरू या, असा मी विचार केला. अकरावा गुरुजींवर गेला, बारावा करवलीवर. कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडून, रिकामी रीळ वर सरकवून, नव्या रोलचा कागद तिच्यात अडकवत होतो, तेवढ्यात मागून ‘तदेव लग्नं’ ऐकू आलं. हात थरथरायला लागले, कागद वाकडा बसला. मी झाकण बंद केलं तेव्हा दोघांच्या गळ्यात हार होते. नंतर मी त्यांना पुन्हा हार हातात घेऊन उभं राहायला सांगितलं. तो फोटो त्या घराच्या अल्बममध्ये आहे. त्यात दोघंही एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघताहेत. मुलीच्या वडिलांनी अल्बमचं ते पान उलटताना काहीच म्हटलं नाही. अण्णांनीही रागावून काही म्हटलं नाही. पुढच्या लग्नात दहावा फोटो झाल्यावर त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘बदल रोल.’

आता तुमचा सातवा फोटो पुन्हा उघडा. हार घातलेले आहेत, अक्षता जमिनीवर पडलेल्या आहेत, मामा मागे सरकताहेत. त्याआधीचा क्षण तुमच्याकडे नाही, नाहीतर तुम्ही तोच पाठवला असता. कदाचित कार्ड भरत आलं असेल, कदाचित तुम्ही लेन्स बदलत होता, कदाचित एका दमात इतके फोटो काढले की कॅमेरा ते कार्डावर उतरवत बसला. सेकंदाला वीस फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यालाही हा प्रसंग येतो. उपाय तोच आहे, ‘तदेव लग्नं’च्या आधी दोन फ्रेम वाया घालवायच्या. बॅटरी ३० टक्क्यांवर असेल तर तेव्हाच बदलायची, कार्ड अर्ध्याच्या वर भरलं असेल तर तेव्हाच बदलायचं. ज्यांच्या अल्बमचं तुम्हाला कौतुक वाटलं त्या गृहस्थांनी हे नक्की केलं असणार, आणि तुमचं तिकडे लक्ष गेलं नसणार. लग्नघरात फोटोग्राफर कॅमेरा खाली धरून काय करतो हे कुणीच बघत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या आवडत्या ८५ मिमीच्या लेन्सची. तिसरा, पाचवा आणि अकरावा, हे तिन्ही फोटो एफ १.४ वर, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून, काढलेले आहेत हे बघताक्षणी कळतं. या लेन्सने दोन मीटरवरून एफ १.४ वर फोटो काढलात तर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम साडेचार सेंटीमीटर असते. नवरीचा जवळचा डोळा स्वच्छ, कानातली कुडी धूसर. एकट्या माणसाच्या चेहऱ्याला हे छान दिसतं. पण अकराव्या फोटोत नवरीच्या मागे जो माणूस रुमालाने डोळे पुसतोय, तो तिचा भाऊ आहे का? मला कळत नाही, कारण तो नुसता रंगाचा डाग झालाय. लग्नात पार्श्वभूमी म्हणजे माणसंच असतात. जुने फोटोग्राफर ३५ मिमीच्या आसपासची, रुंद दृश्य घेणारी लेन्स लावून जवळ जातात त्याचं कारण हेच. ३५ वर एफ ४ ठेवून, म्हणजे तोंड थोडं बारीक करून, अडीच मीटरवर फोकस केलात तर साधारण सव्वा मीटर खोली मिळते. त्यात नवरी, करवली आणि मागचा मामा तिघं बसतात. किमतीच्या मानाने ८५ वरचढ असेल, पण अंतरपाटापाशी ती चुकीची लेन्स आहे. आणि ३५ वापरायची तर जवळ जावंच लागतं, खुर्चीच्या रांगेतून काम होत नाही.

जवळ जाणं ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती बघूनच येते. गुरुजींची समिधा-तूप ठेवायची बाजू मोकळी सोडायची. व्हिडिओवाल्याच्या रेषेत आलात तर एका बाजूला गुडघा टेकायचा. आजीला दिसत नसेल तर खांदा काढून घ्यायचा. ओळखीचं हसायचं, पण बोलायचं नाही. मी अण्णांच्या मागे दोन वर्षं फ्लॅश धरून फिरलो तेव्हा हे सगळं माझ्या पायांत उतरलं. कुणी सांगून ते उतरलं नसतं.

आठव्या फोटोत गुरुजींच्या धोतरावर आडवे पट्टे आहेत, ते तुम्हाला दिसले का? तुम्ही आवाज नको म्हणून सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर ठेवलं असणार. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे त्यावर चालणारे बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. इलेक्ट्रॉनिक शटर फोटो वरून खाली ओळीओळीने वाचतं, म्हणून काही ओळी उजळ येतात आणि काही काळपट. मेकॅनिकल शटर लावा आणि वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, बहुतेक ठिकाणी पट्टे जातील. स्टेजमागे एलईडीची मोठी भिंत असेल तर तिचा हिशेब वेगळा असतो. कार्यक्रमाच्या आधी जाऊन चार वेगवेगळ्या वेगांवर फोटो काढून मोठे करून बघायचे. पुन्हा तेच, आधी जायचं.

लग्नाची उदाहरणं पुरेशी झाली. पण हेच मी वारीतही बघतो, आणि तिथे मला जास्त वाईट वाटतं, म्हणून लिहितो. माउलींच्या पालखीच्या गोल रिंगणात आखलेल्या वर्तुळाच्या कडेला अलीकडे मोठ्या लेन्सची भिंत उभी असते. रिंगणात आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, पखवाजवाले, आणि अश्व शेवटी. दोन अश्व असतात, एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा. तो माउलींचा अश्व. त्याच्यावर माउली बसलेले आहेत असं वारकरी मानतो. घोडे धावायला लागले की शेकडो कॅमेरे कडकडतात. पाऊण मिनिटात सगळं शांत होतं आणि बरेच जण कॅमेरा खाली करून मागची स्क्रीन बघायला लागतात. नेमकं तेव्हा माणसं वर्तुळात धावत येतात, अश्वाच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात. कुणी पदराच्या टोकाला बांधून घेतं. एक म्हातारा माती कपाळाला लावून तसाच बसून राहिलेला मी पाहिला आहे, आणि त्याच्यापासून चार हातांवर तिघं जण घोड्याच्या आयाळीचा फोकस तपासत होते. रिंगणासाठी ते पहाटे निघून आले होते, लेन्स माझ्यापेक्षा भारी होत्या, मेहनत खरी होती. पण पुढे काय होतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दिंडीतल्या कुठल्याही विणेकऱ्याला आदल्या रात्री मुक्कामावर विचारलं असतं तर त्यांनी सगळा क्रम सांगितला असता, शिवाय भाकरीही दिली असती.

यासाठीच अनुभवी माणसाबरोबर राहायचं. आपल्याकडे ही कला बहुतेकांनी कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच उचललेली आहे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, पण कॅमेरा त्यांनी माणेकशा व्यारावाला यांच्याकडून शिकून घेतला. पुढे त्यांच्याशीच त्यांचं लग्न झालं. त्यांचे सुरुवातीचे फोटो माणेकशांच्या नावाने छापून यायचे. नामवंत छायाचित्रकार रघु राय शिकले स्थापत्य अभियांत्रिकी, आणि फोटोग्राफीकडे वळले ते थोरले बंधू, छायाचित्रकार एस. पॉल यांच्यामुळे. तुम्हीही अभियंतेच असणार. घरात असा भाऊ नाही, तर तो बाहेर शोधायचा.

तो तुम्हाला जवळपास सापडलाही होता. ‘बॅग उचलायला या’ हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, पण माझ्या मते बऱ्याच वर्षांत तुम्हाला मिळालेलं ते सगळ्यात चांगलं निमंत्रण होतं. ज्याला शिकवायचंच नाही तो पहिल्यासारखा विषय टाळतो. दुसऱ्याने तुम्हाला लग्नघराच्या आत, त्याच्या खांद्याजवळ, जिथे तो कुणालाही उभं करत नाही तिथे यायला सांगितलं. त्यांना पुन्हा फोन करा. फक्त वेळ बघून करा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की आम्हाला जेवायला सवड नसते. आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत लग्नं कमी असतात, हल्ली काढीव मुहूर्तांवर होतात तेवढीच. पितृपक्षात तर फोनच वाजत नाही. त्या पंधरा दिवसांत दुकानात जाऊन बसा, चहा घ्या, त्यांचे जुने अल्बम बघायला मागा. तुमचा कॅमेरा पहिल्या भेटीला नेऊ नका. दाखवायला नेलात तर बोलणं किमतीवर जाईल आणि तिथेच संपेल.

त्यांच्या मनात एक शंका असणार, ती तुम्हीच आधी बोलून टाका. शिकायला म्हणून आलेला पगारदार माणूस चार लग्नं बघतो आणि पाचवं ओळखीत फुकट करून देतो, हा अनुभव आमच्यातल्या पुष्कळ जणांनी घेतलाय. तुमचा महिन्याचा पगार ठरलेला आहे, त्यांचं वर्षाचं घर या सहा-सात महिन्यांच्या मुहूर्तांवर चालतं. म्हणून स्पष्ट सांगा: तुमच्याबरोबर असताना माझं व्हिजिटिंग कार्ड पाहुण्यांना देणार नाही, काढलेले फोटो कुठे टाकणार नाही, आणि पुढे कुणी मला पैसे देऊन बोलावलं तर आधी तुम्हाला विचारीन. हे शब्द पाळलेत तर तो माणूस तुम्हाला असं काही दाखवेल जे पैसे देऊन मिळत नाही.

पहिली पाच-सहा लग्नं फोटो काढायचेच नाहीत, असं मी सांगतो, आणि हे ऐकून निम्मे लोक परत येत नाहीत. पण लाइट धरणाऱ्याला जे दिसतं ते कॅमेरा डोळ्याला लावलेल्या माणसाला दिसत नाही. लाइटचा स्टँड हातात असला की कळतं, दुप्पट लांब गेलं की उजेड चौथाईवर येतो, म्हणजे नवरीजवळ सहा फुटांवर धरलेला दिवा मागच्या आजीपर्यंत का पोचत नाही. हेही कळतं की जुन्या कार्यालयाच्या पांढऱ्या बुटक्या छताला फ्लॅश मारून जो मऊ उजेड मिळतो, तो नव्या हॉलच्या काळ्या उंच छताकडून कधीच परत येत नाही. अंतराचं आणि उजेडाचं सूत्र तुम्हाला पाठ असेल. हाताला ते सूत्र माहीत होणं वेगळं. आणि त्या माणसाकडे बघत राहा: तो केव्हा फोटो काढत नाही? कुणाशी बोलतो? मुलीचे वडील एकटे खुर्चीत बसले की तो कॅमेरा उचलतो की खाली ठेवतो? मी दोन्ही प्रकारचे चांगले फोटोग्राफर पाहिलेत, आणि दोघांकडेही आपापलं कारण होतं. विचारायचं, पण त्याच वेळी नाही. गाडीत परत येताना विचारायचं.

सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते निवडीच्या वेळी. अण्णा निगेटिव्हचा कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे सगळे फोटो निगेटिव्हच्याच आकारात छापलेला कागद, खिडकीजवळ धरून भिंगाने बघायचे आणि लाल पेन्सिलने खूण करायचे. मी बाजूला उभा. एकदा दोन जवळजवळ सारख्या फोटोंपैकी त्यांनी थोडा हललेला निवडला. मी म्हटलं, ‘अण्णा, दुसरा स्वच्छ आहे.’ ते म्हणाले, ‘ह्यात सासूबाईंनी तिचा हात धरलाय, त्यात सोडलाय.’ आज मी संगणकावर तीन हजारांतून चारशे काढतो, तेव्हाही हेच करतो. तुम्ही ज्यांच्याबरोबर जाल त्यांना विनंती करा की निवड करताना एक संध्याकाळ शेजारी बसू द्या. त्यांचे निवडलेले फोटो तर अल्बममध्ये कुणालाही दिसतात, तुम्हाला टाकून दिलेले बघायचे आहेत. तिथे दिसेल की तेही चुकतात, कितीदा चुकतात, आणि चुकल्यावर पुढच्या तीन सेकंदांत कुठे सरकतात.

वर्कशॉपचं थोडक्यात. लाइट कसा लावायचा, सॉफ्टवेअर कसं वापरायचं, हे शिकवणारी चांगली वर्कशॉप असतात, जरूर करा. पण जिथे सजवलेली मॉडेल उभी करतात, दिवे आयोजक लावून देतात आणि वीस जण एकाच जागेवरून एकच फोटो घेऊन घरी जातात, तिथे निर्णय सगळे आयोजकाने घेतलेले असतात. तुम्ही फक्त बटण दाबून येता. पैसे भरण्याआधी एकच विचारा: शेवटी माझे फोटो, न निवडता, सगळे, कुणी माझ्याबरोबर बसून बघणार आहे का? उत्तर हो असेल तर जा.

आता तुमच्यासाठी एक काम. लग्न नको, पहिल्या जबाबदारीसाठी ते फार मोठं आहे. नात्यात, सोसायटीत कुणाच्या तरी आजोबांचं किंवा आजीचं सहस्रचंद्रदर्शन असेल. ऐंशीनंतरचा हा सोहळा घरगुती असतो, पन्नास-साठ माणसं, ओवाळायला भरपूर दिवे, आणि बहुतेक घरांत त्यासाठी फोटोग्राफर बोलवत नाहीत. म्हणजे कुणाच्या पोटावर पाय येणार नाही. त्या घरी आधी जा आणि शब्द द्या की फोटो मी काढतो, आठवड्याच्या आत साठ छापून देतो. अंगाला भार वाटला पाहिजे, म्हणून शब्द द्यायचा. मग अण्णांसारखे आदल्या संध्याकाळी जाऊन बसा. ओवाळायच्या वेळी घरातले दिवे बंद करणार का, ते विचारा. करणार असतील तर तबकातल्या वातींचा उजेड किती पडतो ते एकदा पेटवून बघा. तुमच्या कॅमेऱ्याचं महागपण तिथे खरोखर कामी येईल. कोण कुणाची बहीण, कुणाचं कुणाशी बोलणं नाही, कोण किती वर्षांनी येतंय, हे घरातल्या सुनेला विचारून घ्या. तिला सगळं माहीत असतं. ३५ किंवा २४-७० ची रुंद बाजू, एफ ४, आणि ८५ घरी ठेवायची. आलेल्या प्रत्येक माणसाचा निदान एक फोटो साठांत असला पाहिजे. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईंचासुद्धा.

फोटो छापूनच द्या, फोनवर पाठवू नका. देताना तिथे बसा आणि बघा की आजोबा कुठल्या फोटोवर थांबतात. तुम्हाला आवडलेल्या फोटोवर ते थांबणार नाहीत, आणि का थांबले नाहीत हे तेच सांगतील.

मग तो सगळा दिवस, काढलेला प्रत्येक फोटो, चुकलेले धरून, काढलेल्या क्रमाने, एका पेन ड्राइव्हवर घेऊन माझ्याकडे या. सोबत आजोबा थांबले त्या फोटोचा आकडा लिहून आणा. पितृपक्षात मी रोज दुपारी चारनंतर मोकळा असतो.